पहारा उठवलेली नदी

कावेरीवरची गळाची मासेमारी बंद केली आणि महसीर वाचला, असं मानणारी बरीच मंडळी मला इथे बेंगळुरूत भेटतात. सज्जन माणसं आहेत, जंगलावर प्रेम करणारी आहेत. पण माझं त्यांच्याशी पटत नाही. त्या बंदीनं नदीवरचा पहारा उठला आणि पहाऱ्याबरोबर रोजनामचाही बंद झाला. चौकी हलवायची असेल तर आधी दुसरी चौकी बसवायची, हे आपल्याकडे शिपायालाही कळतं. कावेरीवर पहिली चौकी उठली, दुसरी बसलीच नाही.

मागे मी लिद्दरच्या ट्राउटवर लिहिलं होतं, तेव्हा दोन-तीन माजी सैनिकांनी विचारलं होतं की दक्षिणेत पोस्टिंग झाल्यावर गळकाठी माळ्यावर टाकली का. ट्राउट इथे अगदीच नाही असं नाही. इंग्रजांनी काश्मीरसारखीच ती नीलगिरीतही आणली, आणि थंड पाण्याच्या काही ओढ्यांत, तलावांत ती टिकून आहे. पण दक्षिणेतला मोठा मासा, ज्याच्यासाठी लोक इंग्लंडहून यायचे, तो ट्राउट नव्हे. तो महसीर. आणि तो राहतो कावेरीत, म्हणजे मी सध्या राहतो त्या मल्लेश्वरमच्या नळाला जिचं पाणी येतं त्या नदीत.

मल्लेश्वरम मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. इथलं काडू मल्लेश्वराचं देऊळ शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी बांधलं असं सांगतात, आणि देवळाला गाव इनाम दिल्याचा त्यांचा १६६९ चा शिलालेख आहे. पलीकडचा सँकी तलाव १८८२ चा, कर्नल रिचर्ड सँकी या मद्रासच्या इंजिनिअर अधिकाऱ्यानं बांधलेला. म्हणजे एका बाजूला मराठा, दुसऱ्या बाजूला सॅपर. मी खडकीचा बॉम्बे सॅपर असल्यामुळे दोन्हीकडून माझा हक्क लागतो, असं मी घरमालकांना सांगतो. ते हसतात, भाडं मात्र कमी करत नाहीत.

आता माशाकडे वळतो.

महसीर हा एक मासा नाही, ते घराणं आहे. आपल्या पश्चिम घाटातला, निळसर परांचा महसीर शास्त्रात टोर खुद्री म्हणून ओळखला जातो. त्याचं वर्णन पहिल्यांदा केलं तेही एका फौजी माणसानंच. मुंबई लष्करातले लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतला मासा पाहून ते केलं. ज्या मुळेच्या काठी आम्ही रंगरूट म्हणून पूल बांधायला शिकलो, तेच पाणी. आज पुण्याखालच्या त्या पाण्यात महसीर शोधायला कुणी जाणार नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीच्या नावानं राखलेले महसीर मात्र अजून आहेत. लोक त्यांना खायला घालतात, धरत नाहीत.

कावेरीचा मूळचा महसीर वेगळा. पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी-सोनेरी परांचा, आणि आकारानं अवाढव्य. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या भुसा भरणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातल्या जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी १९४६ मध्ये कावेरीच्या उपनदीत, काबिनीत, १२० पौंडांचा महसीर गळाला लावला होता. ५४ किलो! आपल्यातला बारीक अंगाचा जवान तेवढा भरतो. पण इतका नावाजलेला मासा असून त्याला शास्त्रीय नाव २०१८ पर्यंत मिळालेलं नव्हतं. त्या वर्षी संशोधकांनी दाखवून दिलं की केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून २००७ मध्ये ज्या जातीचं वर्णन झालं होतं, ती टोर रेमादेवी म्हणजेच हा कावेरीचा कुबडवाला. नाव मिळालं आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदलाही गेला. नाव-नंबर लागतानाच गंभीर जखमींच्या यादीत.

हे कसं झालं, त्यात आपल्या महाराष्ट्राचा एक भाग आहे आणि तो सांगितलाच पाहिजे.

लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीनं महसीर-पैदास केंद्र चालवलं. १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी निळ्या परांच्या महसीरची कृत्रिम पैदास करून दाखवली. पुढे एस. एन. ओगले यांनी ते काम वर्षानुवर्षं नेटानं केलं. धरणांमुळे महसीरला अंडी घालायला वर जाता येत नाही, तर आपण पिल्लं तयार करून नद्यांत सोडू, हा त्यामागचा विचार. हेतू शंभर टक्के चांगला. लोणावळ्याची बोटभर पिल्लं देशातल्या अनेक पाण्यांत गेली, तशी कावेरीतही गेली. बेंगळुरूची वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था १९७२ ची. तिनं नदीचा एक पट्टा भाडेपट्ट्यानं घेऊन राखायला सुरुवात केली होती. गळवाल्यांनाही नदीत मासे वाढलेले हवेच होते.

मासे वाढले. पण वाढले ते निळे, आणि कुबडवाला कमी होत गेला. एकाच नदीत, एकाच खाण्यावर, एकाच खडीच्या वाफ्यात अंडी घालायला दोघं आले, आणि बाहेरून आलेली तुकडी भारी पडली. महसीर तो महसीर, असं त्या वेळी सगळ्यांनाच वाटत होतं. दोन्ही जाती वेगळ्या आहेत हे नीट सिद्ध व्हायला २०१८ उजाडलं, म्हणून त्या काळच्या माणसांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला योग्य वाटत नाही.

पण कुबडवाला कमी होतोय हे कळलं कसं? इथेच माझा मुद्दा आहे.

भीमेश्वरी, दोड्डमकाली, गालिबोरे हे कावेरीकाठचे मासेमारीचे कॅम्प. राज्य सरकारचीच जंगल लॉजेस ही कंपनी ते चालवायची. नियम असा की मासा धरायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि जिवंत सोडायचा. आमिष म्हणजे बहुतेक वेळा नाचणीच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा. थोडे हौशी फ्लायवाले असायचे, म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी हलक्या दोरावरून पाण्यावर टाकणारे. ट्राउटवाल्यांना हीच तऱ्हा सर्वांत जातिवंत वाटते. कावेरीच्या त्या धबधब्या पाण्यात मोठ्या महसीरसाठी फ्लाय टाकणं म्हणजे एलएमजीसमोर गुलेर घेऊन उभं राहणं. पण मासा लागला तर त्यासारखं सुख नाही म्हणतात. आमिष कुठलंही असो, संध्याकाळी वही भरायची. कोण, किती तास, किती मासे, कुठला रंग, किती वजन.

माझ्या वरच्या मजल्यावर मद्रास सॅपर्सचे एक निवृत्त सुभेदार मेजर राहतात. ते नव्वदच्या दशकापासून सुट्टीत तिथे जायचे. "ती वही म्हणजे आपली गार्डरूमची वही समजा, सुभेदार साब," ते मला म्हणाले. "मासा नाही लागला तरी सही करावी लागायची. आठ तास बसलो, शून्य, असं लिहायचं. लाज वाटायची, पण लिहायचो."

त्या शून्याची किंमत पुढे कळली. गालिबोरेच्या १९९८ ते २०१२ या पंधरा वर्षांच्या नोंदी इंग्लंडमधले एड्रियन पिंडर आणि कोचीचे राजीव राघवन यांच्यासारख्या संशोधकांनी अभ्यासल्या. २३,६२० तासांची मासेमारी, धरून सोडलेले ६,१६१ महसीर, वजनं १ पौंडापासून १०४ पौंडांपर्यंत. एवढी लांब, सलग नोंद भारतातल्या दुसऱ्या कुठल्या नदीतल्या माशाची असेल असं मला वाटत नाही. आणि ती फुकट झाली, उलट लोकांनी पैसे देऊन केली. त्या नोंदींतून दिसलं की एकूण महसीर वाढत होते, आणि सोनेरी कुबडवाले जवळजवळ नाहीसे होत चालले होते. नुसती एकूण संख्या पाहिली असती तर सगळं आलबेल आहे असाच अहवाल वर गेला असता. गंमत अशी की गळवाल्यांनी स्वतः हौसेनं वाढवलेल्या माशानंच घात केला, हा पुरावाही त्यांच्याच वहीनं दिला. आपल्याविरुद्ध साक्ष देणारी वही इमानानं भरणारी माणसं मला भरवशाची वाटतात.

मग बंदी आली. हा पट्टा कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मोठी आहे. मारणं तर आलंच, पण पकडणं आणि आमिष दाखवणंही तिच्यात येतं. त्या अर्थानं गळ टाकणं ही शिकारच, भले मासा सोडून द्या. २०१० ते २०१२ या काळात एकेक करून कॅम्पवरची मासेमारी थांबली. कायद्याचं वाचन चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. हुकूम हुकूम असतो. पण हुकूम काढताना, हे लोक उठल्यावर तिथे कोण बसणार, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

कारण नदीवर फक्त वही नव्हती. गळवाल्यांबरोबर जे स्थानिक वाटाडे असायचे, त्यांना तिथे इंग्रजी धर्तीवर गिली म्हणतात. त्यांच्यातले बरेचजण आधी चोरटी मासेमारी करणारे होते. जाळी, विष, आणि सर्वांत वाईट म्हणजे सुरुंग. सॅपर म्हणून सांगतो, पाण्यात स्फोट झाला की दाबाची लाट सगळीकडे जाते. लहान-मोठा, आपला-परका, कुठलाच मासा त्यातून सुटत नाही. अशा माणसाला महिन्याचा पगार, डोक्यावर टोपी आणि नदीचा पट्टा राखायची जबाबदारी मिळाली, की तोच पक्का पहारेकरी होतो. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. तो पगार गळवाल्याच्या पैशातून यायचा. वनखात्याचे गार्ड आहेत, मेहनती आहेत, पण त्यांना हत्ती बघायचा, वणवा बघायचा, वाळूचोर बघायचा. पाण्याखाली काय चाललंय हे बघायला त्यांच्याकडे ना वेळ, ना साधन.

'सोडून दिला तरी माशाला त्रास होतोच ना?' हा प्रश्न माझ्या मुलीनं विचारला आणि तो खरा आहे. होतो. मोठा महसीर अर्धा-पाऊण तास झुंजतो, दमतो, उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात काही मरतही असतील. गळाला काटा नको, मासा पाण्याबाहेर उचलायचा नाही, पाणी फार तापलं की मासेमारी बंद, विणीच्या पावसाळ्यात पूर्ण बंद, हे नियम त्यासाठीच. आणि ज्याला हे सगळं क्रूर वाटतं त्यानं गळ हातात धरू नये. पण एका माशाचा अर्ध्या तासाचा त्रास आणि एका डोहाचा एका सुरुंगात निकाल, यात मी पहिला निवडीन. हा श्रीमंतांचा शौक आहे, असंही म्हणतात. कॅम्पचे दर पाहिले तर आहेच. मग परवाना काश्मीरसारखा द्या. तिथे मत्स्यखातं नदीचे पट्टे पाडतं, पट्ट्याला त्या दिवसाचे ठराविकच परवाने देतं, आणि रांगेत उभा असलेला शिपाईही तो घेऊ शकतो. आमच्यातले कितीतरी जण घेऊन आलेत.

हे सगळं झालं तरी नदीत पाणी कधी आणि किती, याचा मुकादम माशाच्या हाती नाही, गळवाल्याच्याही नाही. तो धरणाच्या दारांवर बसलाय.

कृष्णराजसागर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं, काबिनीचं धरण १९७४ चं. महसीरचा पट्टा त्या दोन्हींच्या खाली. शिवनसमुद्रला तर १९०२ पासून वीज तयार होते. त्यामुळे भीमेश्वरीला नदी किती वाहणार हे आभाळाइतकंच धरणावर आणि कागदावर ठरतं. कृष्णराजसागरची पातळी १२४.८० फुटांवर गेली की दारं उघडणार. २०२३ सारखं साल आलं, धरण भरलंच नाही, तर पूर नाही. आणि महसीरला पूर लागतो. पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर तो वर सरकतो, स्वच्छ खडी शोधतो, तिथे अंडी घालतो. पूर आला नाही तर खडीवर गाळ बसून राहतो. पूर आला आणि दुसऱ्या दिवशी दारं बंद झाली, तर अंडी उघडी पडतात.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन धरणाखाली अगदी हेच झालं. १९६३ मध्ये धरणाची दारं बंद झाली, तळाचं थंडगार स्वच्छ पाणी खाली येऊ लागलं, त्यात ट्राउट सोडली आणि लीज फेरी हे फ्लायवाल्यांचं तीर्थक्षेत्र झालं. पण तिथला मूळचा एक कुबडवाला मासा, हंपबॅक चब, कोमट गढूळ पाण्याचा रहिवासी. तो संकटात गेला. तिकडेही कुबडवालाच, हा योगायोग मला चटका लावतो. फरक एवढाच की त्यांनी मोजणी थांबवली नाही. १९९६ मध्ये आठवडाभर मुद्दाम पाणी सोडून कृत्रिम पूर आणून पाहिला. पुढे त्या चबच्या मुख्य ठिकाणाजवळून ट्राउट उचलून काढल्या. वाद झाले, फ्लायवाले चिडले. पण २०२१ मध्ये तो चब 'संकटग्रस्त'वरून एक पायरी खालच्या धोक्याच्या यादीत आला. आकडे हाती असले की धरणाच्या माणसाशीही बोलता येतं.

आपल्याकडे कावेरीचं बोलणं म्हणजे फक्त कर्नाटक आणि तामिळनाडू. लवादानं २००७ च्या निवाड्यात १० टीएमसी पाणी पर्यावरणासाठी धरलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तामिळनाडूचा वाटा १७७.२५ टीएमसी झाला, तो बिळिगुंडलूला महिन्याच्या हिशेबानं मोजला जातो. महिन्याची बेरीज जुळली की दोन्ही राज्यांचे इंजिनिअर मोकळे. पण मासा महिन्यावर जगत नाही, तो आठवड्यावर जगतो. तेच पाणी, एक थेंबही जास्त न सोडता, जून-जुलैत चार-सहा दिवस सलग आणि मग हळूहळू उतरतं सोडलं तर विणीला उपयोग होईल. कुणाच्या वाट्याला हात न लावता होणारी ही गोष्ट आहे. ती मागायची तर विण कधी होते, कुठे होते, याची नोंद लागते. आणि नोंद करणारे आपण घरी पाठवले.

मल्लेश्वरमला याच्याशी काय घेणं, असं शेजारी विचारतात. आमच्या नळाचं पाणी कावेरीतून उचलून, टी. के. हळ्ळीला शुद्ध करून, शंभर किलोमीटर लांबून टप्प्याटप्प्यानं वर चढवलं जातं. पहिला टप्पा १९७४ चा. पाचवा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, दिवसाला ७७५ दशलक्ष लिटरचा. आणि वापरलेलं पाणी? काडू मल्लेश्वराच्या समोर नंदीतीर्थ आहे. नंदीच्या मुखातून पाणी येतं, आणि वृषभावतीचा एक उगम तिथला मानतात. ती वृषभावती आता शहराचं सांडपाणी घेऊन अर्कावतीला मिळते, आणि अर्कावती संगमला कावेरीत. म्हणजे महसीरच्या नदीतून आम्ही वरच्या अंगाला पाणी घेतो आणि गालिबोरेच्या थोडं खाली ते घाण करून परत देतो. शिपायाच्या भाषेत, रसद आमची आणि कचराही आमचा. तेव्हा त्या नदीत काय जगतंय हे बघायची जबाबदारी फक्त जंगलाकाठच्या गावांवर ढकलता येणार नाही.

माझं मागणं मोठं नाही. अभयारण्यातला एक ठरावीक पट्टा घ्या. कोडगूत वालनूरजवळ तिथली वन्यजीव संस्था परवान्यानं, धरा-सोडा पद्धतीनं मासेमारी चालवते, तो नमुना समोर आहे. पण वालनूर अभयारण्याबाहेर आहे, म्हणून इथे कायद्यात वाट काढावी लागेल. संशोधनाच्या परवानगीखाली काढता येईल. मोजके गळवाले, बिनकाट्याचा गळ, प्रत्येक माशाचा फोटो आणि पराचा एक कण तपासणीला. जुन्या गिलींना पगारावर परत घ्या, त्यांची मुलं आता शहरात डिलिव्हरीच्या गाड्या चालवतायत, त्यांनाही विचारा. वही कुणालाही वाचता येईल अशी ठेवा. आणि कुठल्याही केंद्रातून, कितीही चांगल्या हेतूनं, निळ्या महसीरचं एकही पिल्लू कावेरीत सोडू नका. आजही कुठे तलावाच्या उद्घाटनाला मंत्री पिशवीतून पिल्लं सोडताना दिसतात, फोटो छापून येतो. कुठली जात, कुठून आणली, बातमीत नसतं.

घाई का, तेही सांगतो. संगमच्या खाली मेकेदाटूला कर्नाटकाला ६७ टीएमसीचं धरण बांधायचं आहे. बेंगळुरूला पाणी आणि ४०० मेगावॅट वीज, हा त्याचा उद्देश. सुमारे ५ हजार हेक्टर बुडेल, त्यातलं बरंचसं हेच अभयारण्य. तामिळनाडूचा विरोध आहे, कोर्टकचेऱ्या चालू आहेत, पदयात्रा निघतात. उद्या पर्यावरणाचा अहवाल लिहायची वेळ आली की लिहिणारा विचारील, इथे कुबडवाला महसीर आहे का? २०१२ पर्यंतचं उत्तर वहीत आहे. त्यापुढची पानं कोरी आहेत. वरच्या मजल्यावरच्या मेजर साबांकडे त्या काळातल्या स्वतःच्या नोंदींची एक डायरी आहे, ती त्यांनी एका संशोधक मुलीला झेरॉक्स करू दिली. शेवटचा कुबडवाला त्यांना कधी लागला हे मी विचारलं. त्यांनी पानं उलटली, बोटानं दाखवलं. २००६, मार्च, ३८ पौंड, सकाळी साडेसहा.